मावशीनं कोरलेलं हेड

माझी मावशी कवळ्या बनवायची. फोटो फ्रेमच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर ती काम करायची ती लॅब होती. दोन खोल्या, चार माणसं आणि सगळीकडे प्लास्टरची धूळ. शहरातले दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे साचे तिथं पाठवायचे आणि मावशी त्यावरून मेणात एकेक दात बसवत नवं तोंड उभं करायची. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं, कारण लॅबची व्हॅन चालवायला दुसरं कोणी धजत नसे. आमचं शहर सगळं चढउतारांचं. रस्ते अरुंद, वळणं अवचित, आणि मागच्या खोक्यात लोकांचे दात. मावशी म्हणायची, "मी गाडी चालवत नाही गं, काठोकाठ भरलेली वाटी घेऊन चालते."

काका, म्हणजे तिचा नवरा, पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. उंच, देखणे, गप्पांत कुणालाही सहज खिशात घालणारे. माझी आई म्हणते, त्यांच्या लग्नाच्या फोटोत ते नवरदेव वाटतात आणि मावशी त्यांना पोचवायला आलेली कुणीतरी नातेवाईक. मूलबाळ झालं नाही. त्यावरून कुणी काही टोचून बोललं तर काका असं काही उत्तर द्यायचे की बोलणाराच ओशाळायचा. त्या बाबतीत त्यांनी मावशीला कधी एकटं पडू दिलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून माणूस मुळातच वाईट होता असं वाटेल. तसं नव्हतं.

त्यांना वेड एकच, गाडीचं. दोनच माणसांची, लांब नाकाची, कापडी छपराची जुनी स्पोर्ट्‌स कार. एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती आणि कोंबड्या तिच्या स्टिअरिंगवर बसायच्या. काकांनी ती आणली, धुतली, चालती केली. दिसायला रुबाबदार, पण नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. चढाला लागली की धापा टाकायची. दुधाचा टेम्पो मागून हॉर्न वाजवून पुढे जायचा आणि काका खिडकीबाहेर बघत राहायचे, जणू निसर्ग बघायलाच हळू चालवतायत.

शहरात अशा जुन्या गाडीवाल्यांचा एक क्लब होता. दर वर्षी टेकडीच्या रस्त्यावर त्यांची शर्यत असायची. एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि वर देवदारांपाशी क्लबचे सेक्रेटरी स्टॉपवॉच घेऊन उभे. काका दर वर्षी शेवटून दुसरे किंवा तिसरे. पुढे येणाऱ्यांनी परदेशातून इंजिनं मागवलेली. गॅरेजवाल्यानं काकांना साफ सांगितलं होतं, "साहेब, ताकद पाहिजे तर इंजिन बदला, नाहीतर मन बदला."

इंजिन बदलण्याची ऐपत नव्हती, आणि मन बदलण्याचा स्वभाव नव्हता. मग काकांनी रद्दीतून जुनी गाड्यांची मासिकं आणली आणि जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवायला लागले. कमी खर्चात ताकद कशी वाढवायची याची सुरुवात फुकटच्या उपायानं होते. गाडी हलकी करायची. दोघांनी मिळून स्टेपनी काढली, गालिचे काढले, हीटर काढला, मागचा बंपर काढला. काकांनी ॲशट्रे काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तेव्हा मावशी म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तुम्हीच रात्रीचा भात सोडा की." काका आठवडाभर खरंच भात जेवले नाहीत. मग सायलेन्सर. बसचे सायलेन्सर जोडणाऱ्या वेल्डरकडून जरा रुंद, सरळ नळी करून घेतली. गाडीचा आवाज बदलला, वेग फारसा बदलला नाही.

एका रविवारी काकांनी इंजिनाचं हेड खोलून घरी आणलं. हेड म्हणजे इंजिनावरचा जाडजूड ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याच्यातल्या बोगद्यांमधून हवा-पेट्रोल आत जातं आणि जळलेला धूर बाहेर पडतो. काकांनी ते वर्तमानपत्रावर ठेवलं आणि मासिक उघडून सांगितलं की हे बोगदे कारखान्यात ओततानाच ओबडधोबड राहतात. ते आतून नीट घासले, चारही सारखे केले, तर इंजिन मोकळा श्वास घेतं. पण घासणार कोण? तसं काम करणारा माणूस दुसऱ्या शहरात होता आणि त्याचा भाव ऐकूनच काकांनी फोन ठेवून दिला होता.

मावशीनं बोगद्यात करंगळी घातली. फिरवली. दुसऱ्यात घातली.

"दाखवते थांबा," ती म्हणाली.

तिनं लॅबमधून दातांचं माप घ्यायचा तो रबरासारखा मसाला आणला आणि चारही बोगद्यांत भरला. घट्ट झाल्यावर ओढून काढला. चार वाकड्या निळ्या नळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. एक मधेच बारीक, एकीला कुबड, एकीचं तोंड एकीकडे.

"बघा," मावशी म्हणाली. "सख्खी भावंडं म्हणे. एकाचं थोबाड दुसऱ्याला मिळत नाही."

काका त्या नळ्या हातात घेऊन किती तरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तुझ्यानं होईल?"

"कवळीच आहे की. फक्त चावत नाही."

पुढचे काही महिने मावशीच्या सुट्ट्या त्यात गेल्या. लॅबच्या मालकानं हरकत घेतली नाही, अट एवढीच की घासायची टोकं तिनं स्वतःची आणावीत. बोटात मावेल अशा फिरत्या हत्यारानं ती आत थोडं थोडं कोरायची, मेणबत्तीचं मेण लावायची, कारण ॲल्युमिनियम टोकाला चिकटतं. मग पुन्हा मसाला भरायचा, पुन्हा नळी काढायची, पुन्हा बघायचं. काका शेजारी स्टुलावर बसून मासिक वाचायचे, दिवा धरायचे, सँडविच करून आणायचे. मी एकदा गेले तेव्हा दोघंही धुळीनं पांढरेफटक होऊन बसले होते आणि बोगद्यातल्या कुठल्या तरी बाकाविषयी असे भांडत होते, जसे दुसरे आईबाप मुलाच्या शाळेवरून भांडतात. माझ्या आठवणीत ती दोघं इतकी आनंदात त्याआधी नव्हती, नंतर तर नाहीच.

मावशीनं आणखी दोन गोष्टी केल्या. हेडचा तळ ग्राइंडिंगवाल्याकडून केसभर घासून घेतला, म्हणजे आत कोंडलेला दाब वाढतो. काका म्हणत होते अजून घासू, मावशी म्हणाली, "पुरे. हाव केली तर तडकेल." आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी तिनं ब्रेकचे लायनर बदलायला लावले. काका कुरकुरले, की ब्रेकनं काय वेग वाढतो का. मावशी म्हणाली, "वाढतो. थांबता येतं हे माहीत असलं की माणूस पाय दाबतो."

त्या वर्षी काका शर्यतीत चौथे आले. क्लबात खळबळ उडाली. लोक बॉनेट उघडून बघायला लागले, बाहेरून तर तेच जुनं इंजिन. "केलंस काय बाबा?" असं विचारल्यावर काका हसून म्हणायचे, "थोडी डोक्यालिटी." मावशी मागे थर्मासमधून चहा ओतत असायची. मला ते खटकलं आणि मी परतताना बोलूनही दाखवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मावशी म्हणाली, "असू दे गं. गाडी दोघांचीच ना."

पुढच्या वर्षी सरावाच्या दिवशी मी आणि आई लॅबच्या व्हॅनमधून गेलो होतो. काकांनी दोनदा गाडी वर नेऊन आणली आणि वैतागून उतरले. मधल्या वळणावर इंजिन अडखळतंय, कार्बोरेटर नीट लागला नाही, असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणाली, "कार्बोरेटर ठीक आहे. तुम्ही गिअर उशिरा पाडताय."

आजूबाजूला क्लबची माणसं होती. काका म्हणाले, "मग तूच बस आणि सांग."

ते चिडून बोलले, आमंत्रण नव्हतं ते. पण मावशी सरळ अर्थाची बाई. तिनं पर्स आईकडे दिली, सीट पुढे ओढली आणि बसली.

आम्हाला खालून फक्त आवाज ऐकू आला. काकांच्या वेळी तो आवाज वर चढायचा, मधेच पडायचा, पुन्हा चढायचा. मावशीच्या वेळी तो कुठे तुटलाच नाही. एकसारखा वर वर गेला आणि झाडांत विरला. मग थोड्या वेळानं ती हळूहळू खाली आली, गाडी नीट कडेला लावली आणि म्हणाली, "अडखळत नाही हो."

तेवढ्यात वरून सेक्रेटरींचा फोन आला. त्यांनी गंमत म्हणून स्टॉपवॉच लावलं होतं. मावशी काकांपेक्षा तीन सेकंद आधी पोचली होती. नुसतं काकांपेक्षा नाही, त्या दिवशी त्या रस्त्यावर चढलेल्या सगळ्यांपेक्षा.

मग कुणीतरी ओरडलं, "आता उद्या वहिनींनाच पाठवा!" सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी खऱ्या शर्यतीत काका पहिले आले. आयुष्यात पहिल्यांदा. पण त्यांची वेळ मावशीच्या वेळेपेक्षा जास्त होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. बक्षीस देताना सेक्रेटरींनी माइकवरून विनोद केला, "वहिनींच्या खालोखाल पहिले!" टाळ्या, शिट्ट्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण ती एक ओळ काकांना चिकटली. क्लबात, बाजारात, एकदा तर त्यांच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "या, खालोखाल पहिले!" काका प्रत्येक वेळी हसायचे. घरी आल्यावर मात्र गाडीविषयी बोलायचे नाहीत. मासिकं बांधून पुन्हा रद्दीत गेली. मावशी विचारायची, "ठीक आहे ना सगळं?" ते म्हणायचे, "न व्हायला काय झालंय?"

नाकापेक्षा मोती जड झाला, असं आई म्हणाली. मावशीनं तिला गप्प केलं.

पुढे आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि मावशी आमच्याकडे राहायला आली. परत गेली तेव्हा काका तिला न्यायला ती गाडी घेऊन स्टेशनवर आले होते. घरी जाईपर्यंत ती इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. दारात उतरल्यावर म्हणाली, "अहो, इंजिनाला काय झालं?"

"हेडला तडा गेला," काका म्हणाले. "फार घासलं होतंस. भंगारवाल्याकडून दुसरं हेड आणून बसवलं."

"आणि आपलं?"

"दिलं भंगारात. तडकलेलं ठेवून काय करायचं?"

मावशीनं ते खरं मानलं. फोनवर मला म्हणाली, "माझंच चुकलं. केसभर म्हणता म्हणता दोन केस घेतले असणार." ते चार निळे साचे तिनं लॅबच्या कपाटातून काढले, कुठे भिंत पातळ झाली असेल ते बघत बसली. ग्राइंडिंगवाल्याकडे जाऊन पुन्हा विचारलं, किती घेतलं होतं. तो म्हणाला, "बाई, तेवढ्यानं कधी तडकत नाही." पण तिचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता. लॅबमध्येही ती एकेक कवळी तीनतीनदा तपासायला लागली. एक वर्ष असं गेलं.

पुढच्या शर्यतीला काकांनी नाव दिलं नाही. "आपण फक्त बघायला जाऊ," म्हणाले. "गाडी आता मूळ स्थितीत आहे, जुन्या गाडीची शोभा त्यातच असते." मीही गेले होते. मावशी आणि मी खालच्या वळणापाशी कठड्यावर बसलो होतो. पाचसहा गाड्या गेल्या. मग क्लबातल्या चष्मेवाल्याची गाडी सुटली. हा चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याची गाडी काकांच्याच जातीची, फक्त हिरवी, आणि दर वर्षी काकांच्याही मागे असायची.

मावशी उठून उभी राहिली. हिरवी गाडी समोरून गेली, वर चढली, आवाज कुठेही तुटला नाही. मावशी नुसती ऐकत होती. तिचे ओठ किंचित हलत होते, जसं पाठ असलेलं कुणी दुसरं म्हणत असताना हलतात.

चष्मेवाला पहिला आला. खाली येऊन तो स्वतःच मावशीकडे धावला. "वहिनी, तुमच्या मिस्टरांचे उपकार कसे फेडू! एवढं हेड, आणि एक पैसा घेतला नाही हो. म्हणाले, ने, मला आता नको."

मावशीनं विचारलं, "तडा कसा बुजवलात?"

"कसला तडा?" चष्मेवाला म्हणाला.

मावशीनं त्याला बॉनेट उघडायला लावलं नाही. "अभिनंदन," म्हणाली आणि कठड्यावर येऊन बसली. काका लांब सेक्रेटरींशी बोलत उभे होते. त्यांनी इकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

घरी काय झालं ते मावशीनं मला पुढे बऱ्याच काळानं सांगितलं. मोठं भांडण नाहीच झालं. तिनं विचारलं, "तडा नव्हता ना?" काका आधी म्हणाले, चष्मेवाल्याला काय कळतं. मग बूट काढता काढता म्हणाले, "लोक काय बोलत होते ते तुला ऐकू येत नव्हतं का? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हतीस."

"मी तुमच्याच गाडीत बसले होते," मावशी म्हणाली. "तुम्हीच बस म्हणालात."

"म्हणून इतक्या जोरात?"

एवढं सांगून मावशी मला म्हणाली, "हेड दिल्याचं दुःख नाही गं. मागितलं असतं तर मीही दिलं असतं. पण माझ्या हातानं तडा गेला म्हणून सांगितलं, आणि एक वर्ष मला तसंच झुरताना बघत बसले. रोज समोर बसून जेवायचे."

चष्मेवाल्यानं नंतर चौकशी केली आणि हे काम कुणाचं ते त्याला कळलं. तो लॅबमध्ये आला. क्लबातल्या आणखी तिघांना अशीच हेडं करून हवी होती, मागेल ती मजुरी देऊ म्हणाले. लॅबचा मालकसुद्धा म्हणाला, बाई, घ्या काम, मी मागची खोली देतो. मावशीनं नकार दिला. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, आता तरी नाव होऊ दे तुझं. त्यांच्या नाकावर टिच्चून कर.

ती म्हणाली, "मला गाड्यांचं वेड कधी नव्हतंच गं. मला आमच्या गाडीचं होतं."

फिरती हत्यारं पुन्हा दातांवरच फिरू लागली. ते दोघं त्याच घरात राहिले. दोघं एकमेकांशी नीट बोलायचे, औषधाच्या वेळा सांभाळायचे, आमच्याकडे जोडीनं यायचे. गाडी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. सुरू व्हायला कुरबुर करायला लागली तेव्हा काका एकदा म्हणाले, "जरा बघतेस का?" मावशी म्हणाली, "गॅरेजवाल्याला बोलवा." गॅरेजवाला आला, बघून गेला, पुन्हा बिघडली. हळूहळू काकांनी किल्ली फिरवून बघायचंही सोडलं.

काकांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला आणि गाडी चालवणं कायमचं बंद झालं. तेव्हा ती विकायची ठरली. घ्यायला एक तरुण जोडपं आलं. मी त्या दिवशी तिथंच होते. काका पुन्हा पूर्वीसारखे खुलले. ताडपत्री काढून, हातवारे करत, कोंबड्यांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. कसं वजन उतरवलं, कसे बोगदे आतून घासले, चारही कसे सारखे केले, कसे पहिले आले. मासिकांत वाचलेला शब्द न् शब्द त्यांना आठवत होता. सगळं "मी केलं". मावशी चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा ते मधल्या वळणाचं वर्णन करत होते, तिथं गिअर लवकर पाडावा लागतो म्हणून.

त्या मुलीनं कप घेता घेता मावशीला विचारलं, "काकू, तुम्ही कधी बसायचात की नाही हिच्यात? मजा आली असेल ना?"

मावशीनं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "छे, हिला गाडी लागते. पहिल्या वळणालाच ओकारी."

सगळे हसले. काकाही हसले. मला वाटतं त्यांना तोपर्यंत ते खरंच वाटायला लागलं होतं. मी मावशीकडे बघत राहिले. आता तरी बोलेल असं वाटलं.

ती त्या मुलीला म्हणाली, "साखर किती घालू?"

व्यवहार झाला. पोरानं गाडी ढकलून सुरू केली. काका फाटकापर्यंत गेले, दिसत नव्हतं तरी हात हलवत राहिले. मावशी स्वयंपाकघरात परत गेली होती. मी तिच्या मागे जाऊन विचारलं, का नाही बोललीस?

"कोण ऐकणार होतं?" ती म्हणाली. "आणि ऐकून त्या पोरीनं काय केलं असतं? नवऱ्याकडे बघून हसली असती."

शेड आता एका प्लायवूडवाल्याला भाड्यानं दिली आहे. काका दुपारी तिथं खुर्ची टाकून बसतात आणि माल उतरवायला येणाऱ्या टेम्पोवाल्यांना शर्यतीच्या गोष्टी सांगतात. मावशी निवृत्त झाली, पण एखादं अवघड तोंड असलं की लॅबवाले अजून तिला बोलावतात. ती बसनं जाते.